गाय लंगडतेय? सुईआधी पाय उचला. गोठ्यातल्या या चुका टाळा

गाय तीन पायांवर आली की गोठ्यात धावपळ सुरू होते. त्याआधी दोन-तीन आठवडे ती सांगत असते, फक्त तिकडं कुणाचं लक्ष नसतं. धारेला येताना तिच्या पाठीची रेघ बघा. उभी असताना पाठ सपाट आणि चालताना कमान, ही सुरुवात. उभ्या-उभ्याही कमान दिसली तर दुखणं चांगलंच मुरलंय. पुढचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर टाकून उभी राहत असेल, तर ती लाडात आलेली नाही. पुढच्या पायांच्या आतल्या नख्या (दुभंगलेल्या खुराचे दोन भाग म्हणजे नख्या) दुखतात म्हणून भार बाहेर टाकते आहे.

सगळ्यात महाग चूक: पाय न बघता इंजेक्शन

हे नाटक ठरलेलं असतं. संकरित गाय, विऊन दोन महिने झालेले, दूध २२ लिटरवरून १७ वर. मागचा पाय जरा आखडून टाकते. ‘मुरगळला असेल’ म्हणून दुखणं थांबवायचं इंजेक्शन. दोन दिवस गाय झकास, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पाच दिवस अँटिबायोटिक. ते दूध ओतून द्यायचं असतं; किती जण ओततात हा वेगळा विषय. मग सांध्याला हळद-चुन्याचा लेप, कारण ‘सूज वर दिसतेय’. तीन आठवडे गेल्यावर कुणीतरी गाय खोड्यात (जनावर जखडायच्या चौकटीत) घेतो, पाय दोरानं वर बांधतो, खूर धुतो आणि सुरीनं तळव्याचा वरचा थर खरवडतो. बाहेरच्या नखीत, भिंत आणि तळवा जिथं जुळतात त्या पांढऱ्या रेषेवर तांदळाएवढा काळा ठिपका. त्याच्या मागानं सुरी दोन-चार मिलिमीटर आत गेली की काळपट, पातळ, घाण वासाचा पू बाहेर येतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी गाय पाय टेकते.

खडा रुतला, रेघ फाटली, शेण-मूत आत गेलं, पू झाला. खूर कठीण, पूला बाहेर पडायला वाट नाही. त्या कोंडलेल्या दाबानं गाय लंगडते. औषध रक्तातून कितीही गेलं तरी वाट सुरीनंच करावी लागते. वाट नाही मिळाली तर पू वर चढून केसांच्या कडेला फुटतो आणि सांध्यात शिरला तर नखी काढायची पाळी येते. १० मिनिटांचं काम टाळून तीन आठवड्यांचं दूध घालवायचं, याला बचत म्हणत नाहीत.

गाईचं लंगडणं बहुतेक वेळा खुरातलं असतं, त्यातही मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीतलं. म्हणून बघायचा क्रम ठरवून टाका: आधी दोन नख्यांमधलं बेचकं, मग पांढरी रेघ, मग तळवा, शेवटी टाच. बेचक्यात भेग, कुजका वास आणि दोन्ही बाजूंना सारखी सूज असेल तर ती खूरसड. तिथं मात्र अँटिबायोटिक खरंच लागतं, तेही पहिल्या दिवसापासून. टाचेच्या वर लाल, खरबरीत, हात लागताच पाय झटकायला लावणारा चट्टा असेल तर तो संसर्गाचा, आणि तो शेजारच्या गाईलाही लागतो. तळव्याच्या मागच्या भागात, आतल्या कडेला, लाल-काळा मऊ डाग म्हणजे आतल्या हाडाच्या दाबानं झालेला व्रण.

या व्रणावर मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पूड दाबून पट्टी बांधण्याची पद्धत सोडा. मोरचूद उघडं मांस जाळतो. भोवतीचं सुटलेलं खूर काढायचं आणि त्याच पायाच्या *चांगल्या* नखीला लाकडी ठोकळा चिकटवायचा, म्हणजे दुखरी नखी अधांतरी राहते. सोबत तीन दिवस वेदनाशामक, डॉक्टर सांगतील ते. मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ पासून, मेलॉक्सिकॅम चालतं. आणि ‘ताकदीचं’ म्हणून मिळणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गाभण गाईला शेवटच्या तीन महिन्यांत टोचलं तर गर्भ पडू शकतो. टोचणारा निघून जातो, वासरू तुमचं जातं.

एक अट मात्र पाळा: खोड्यात घेण्याआधी थर्मामीटर. ताप १०३ अंशांच्या वर, आज हा पाय तर उद्या तो, पावसाळ्याचे दिवस: तिवा (तीन दिवसांचा ताप) समजा. तोंडाला लाळ आणि पायाला फोड, तेही दोन-तीन जनावरांना: लाळ्या-खुरकूत. जवान वासराच्या फऱ्यावर गरम, दाबल्यावर चरचरणारी सूज: फऱ्या, आणि डॉक्टरांना तासाभरात फोन.

दुसरी आवडती चूक: खूर ‘छान दिसेपर्यंत’ कापणं

बैलाला पत्र्या (नाल) मारणाऱ्याला बोलवायचं, गाय दोरानं आडवी पाडायची आणि पटाशीनं चारही पाय एकसारखे करायचे. बैलाच्या कामात त्याचा हात पक्का असेल, पण दुभत्या गाईचं खूर वेगळं आणि पोटात सात महिन्यांचं वासरू असताना तिला पाडणं तर शुद्ध वेडेपणा.

खूर महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढतं. वर्षातून दोनदा साळणी (वाढलेलं खूर कापणं) पुरते आणि त्यातली एक गाय आटवताना, म्हणजे विण्याच्या दोन महिने आधी. मागच्या पायाला आतल्या नखीपासून सुरुवात करा. केस संपून कठीण खूर सुरू होतं तिथून टोकापर्यंत पट्टी लावा: ७.५ सेंटिमीटर, मोठ्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाईला ८. त्याच्या आत जायचं नाही. मग टोकाकडचा तळवा सपाट करा, पण टाचेला हात लावू नका. आतली नखी झाली की बाहेरची तिच्या उंचीला आणा. शेवटी दोन्ही नख्यांच्या मधल्या बाजूला उथळ खळगा.

एक-दोन चकत्या काढल्या की अंगठ्यानं तळवा दाबत राहा. दबला की थांबा. पुढचं खूर गाईचं आहे, तुमचं नाही. ग्राइंडरवाल्या घाईखोरांसाठी विशेष सूचना: तो यंत्राचा दात ५ मिलिमीटर जाडी एका श्वासात खातो आणि तळवा तापवतो. साळणीच्या दुसऱ्या दिवशी गाय जास्त लंगडली तर दोष गाईचा नव्हे.

पाऊलधुणी

खुराचा संसर्ग रोखायला गाई औषधी पाण्याच्या हौदातून चालवायच्या, ती पाऊलधुणी. मोरचुदाचं ५ टक्के द्रावण म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो. हौद ३ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, पाणी १२ सेंमी. त्यात साधारण २१५ लिटर मावतं, म्हणजे ११ किलोच्या आसपास मोरचूद. ‘मूठभर टाकला’ हे माप नाही. हौद मीटरभराचा केला तर गाय एका ढांगेत ओलांडते, मागचा पाय धड बुडतही नाही. आधी पाय धुवा, शेण मिसळलं की द्रावण मेलं. फॉर्मलिन वापरणार असाल तर १०० लिटरला ४ लिटर, मोकळ्या हवेत, उघडी जखम असलेली गाय बाजूला ठेवून. दहा गाईंचा गोठा असेल तर हौदाचा नाद सोडा, धुतलेल्या मागच्या पायांवर फवारा मारा. उरलेलं मोरचुदाचं पाणी शेणखतात किंवा शेळ्या-मेंढ्या पितात तिथं ओतू नका. मेंढीला तांबं फार बाधतं. आणि तळव्याच्या व्रणाला पाऊलधुणीनं काही होत नाही, तो संसर्ग नाही.

बाकीच्या, एका दमात

लग्नातला उरलेला भात पाटीभर घालणं. पोटात आम्ल वाढतं आणि खुराला त्याचं बिल सहा-आठ आठवड्यांनी येतं.

व्याल्यावर आठवड्यात भरडा दुप्पट. दिवसाला पावशेरानं वाढवा, आणि आधी चारा, मग खुराक.

सारा दोष खाद्याला देणं. गाईला दिवसात १०–१२ तास बसायला लागतं. ओल्या कोब्यावर ती बसत नाही आणि उभा वेळ सगळा खुरांवर जातो.

नव्या कोब्यावर लगेच गाई सोडणं. आधी घासून घ्या, कडा खुरं किसतात.

जखमेवर फिनाईल, डांबर, तापवलेली सळई: नाही, नाही, नाही.

ठोकळा लावून विसरणं. लावल्याची तारीख भिंतीवर खडूनं लिहा, चार ते सहा आठवड्यांनी काढा. राहिला तर चांगल्या नखीलाही व्रण पडतो.