कुत्र्याचं पिल्लू घरी आणताय? पहिल्या वर्षात काय अपेक्षा ठेवायची, काय करायचं

पिल्लू आणायचं ठरलं की घरात चर्चा होते नावाची, रंगाची, जातीची. रात्री दोन वाजता त्याला शू करायला कोण नेणार, हा विषय सहसा निघत नाही. पुढे महिन्या-दोन महिन्यांत "आम्हाला झेपत नाही" म्हणून जी पिल्लं परत केली जातात किंवा रस्त्यावर सोडली जातात, त्यांनी बहुधा काहीच वावगं केलेलं नसतं. दोन महिन्यांचं पिल्लू रडतं, चावतं, तासा-दोन तासाला शू करतं. सात-आठ महिन्यांचं पिल्लू हाक ऐकूनही वळून बघत नाही. हे त्यांच्या वयाचंच वागणं आहे. कोणत्या वयात काय होणार हे आधी ठाऊक असलं की घरातली चिडचिड निम्म्याने कमी होते आणि पिल्लाचा जीव सुखात राहतो.

आणण्याआधी: वेळेचा हिशोब

कुत्रं १० ते १५ वर्षं जगतं. आज दहावीत असलेला मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही ते घरात असेल, म्हणून "मुलांसाठी" पिल्लू आणलं तरी जबाबदारी मोठ्यांचीच.

एक कागद घ्या आणि दिवसाचे तास मांडा. पिल्लू साधारण जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की जास्तीत जास्त तितके तास ते शू रोखू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, आणि तेही झोपेत. जागेपणी त्याहून बरंच कमी. घरातली सगळी माणसं सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेर असतील आणि मधे येणारं कुणीच नसेल, तर लहान पिल्लू आणू नये. एक-दोन वर्षांचं, सवयी लागलेलं कुत्रं दत्तक घेणं अशा घरासाठी कितीतरी चांगलं. बाकीच्यांनी प्रत्येक कामापुढे नाव लिहावं: सकाळचं खाणं, दुपारची फेरी, रात्रीची फेरी, डॉक्टर, गावाला गेल्यावर सांभाळणारं घर. "सगळे मिळून करू" असं ठरलं की आठवड्याभरात सगळं एकाच व्यक्तीवर येतं, बहुतेक वेळा आईवर.

कुठलं आणि कुठून

आपल्या हवेत देशी पिल्लू सर्वात सहज रुळतं, आणि प्राणीमित्र संस्थांकडे ती घराची वाट बघत असतात. हस्कीसारखं दाट केसांचं कुत्रं नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात आणणं म्हणजे त्याचा छळ आहे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास असतो आणि उकाड्यात तो वाढतो. कारवानी कुत्री दिसतात देखणी, पण ती पळण्यासाठी घडलेली आहेत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती कोंडल्यासारखी होतात.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी देत असेल तर घेऊ नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालच्या पिल्लांची विक्री करता येत नाही आणि ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नियमामागे कारण आहे. आई आणि भावंडांबरोबर खेळतानाच पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे जास्त चावरी आणि घाबरट होण्याचा धोका असतो. पिल्लाची आई बघायला मागा. ती दाखवायची टाळाटाळ झाली तर तिथून परत फिरा. डोळे-नाक स्वच्छ, पोट टम्म फुगलेलं नाही, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही आणि पिल्लू हाकेला प्रतिसाद देतंय, एवढं तरी जागेवरच तपासा.

पहिल्या रात्री

पहिल्या तीन-चार रात्री पिल्लू रडणार, हे धरूनच चाला. आयुष्यात पहिल्यांदाच ते एकटं झोपत असतं. "रडू दे, सवय होईल" म्हणून स्वयंपाकघरात किंवा बाल्कनीत कोंडू नका. तुमच्या पलंगाशेजारी एक खोका किंवा दार असलेला क्रेट ठेवा, आत जुनी चादर टाका आणि हात खाली सोडून झोपा. रात्री एकदा-दोनदा गजर लावून शूला न्या. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही. काम झालं की परत झोप. पिल्लाला कायम बाहेरच्या खोलीत झोपवायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी खोका थोडा थोडा सरकवत न्यावा.

वायरी, चपला, मोजे, औषधांच्या पट्ट्या आणि उंदरांचं औषध जमिनीवरून आधीच हलवा. बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचं डोकं जात असेल तर जाळी बसवल्याशिवाय त्याला तिकडे सोडू नका.

शी-शूची शिस्त

इथेच बहुतेक घरांचा धीर सुटतो. पद्धत सोपी आहे, चिकाटी लागते.

१. जागा एकच ठरवा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत ती गच्ची, बाल्कनीचा कोपरा किंवा भटकी कुत्री न फिरणारा मोकळा तुकडा असावा. पिल्लू कायम बाथरूममध्येच जावं असं वाटत नसेल तर बाथरूमची सवय लावू नका. नंतर ती मोडायला महिने लागतात.

२. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि झोपण्याआधी तिथे न्या. याशिवाय जागं असेपर्यंत दर पाऊण-एक तासाने.

३. पट्टा लावून तिथेच शांत उभे राहा. पाच मिनिटांत झालं तर त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा छोटा तुकडा. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ पिल्लाच्या लेखी घरात येण्याचा असतो.

४. नाहीच झालं तर आत आणून मोकळं सोडू नका. जवळ बांधून ठेवा किंवा मांडीवर घ्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या.

५. घरात झालं तर मुकाट्याने पुसा. आधी कागदाने टिपा, मग एन्झाइमचं क्लीनर वापरा. नुसत्या फिनेलने आपल्याला वास येत नाही, पिल्लाला येतो आणि ते तिथेच परत जातं. शिवाय फिनेलच्या ओल्या फरशीवरून चालून ते पाय चाटतं, तेही अपायकारक.

नाक घासणं, फटका मारणं, ओरडणं यातून पिल्लू एकच गोष्ट शिकतं: या माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे लपून करतं आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. "मुद्दाम करतंय" असं वाटायला लागतं ते इथून.

शिकवूनही फसतंय असं वाटलं तर बहुतेकदा कारण एकच असतं, पिल्लाला अख्खं घर मोकळं मिळालेलं असतं. एका खोलीपासून सुरुवात करा. दोन आठवडे एकही चूक झाली नाही की दुसरी खोली. पाच-सहा महिन्यांपर्यंत अधूनमधून चुका होणारच, लहान चणीच्या जातींत त्याहून जास्त काळ. नीट शिकलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब, वारंवार शू करू लागलं तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

चावणं

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते तोंडात जातं. गारेगार गाजर किंवा पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवलेलं ओलं फडकं द्या. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कुठली आणि नवी कुठली, हे त्याला कळत नाही.

हाताने खेळवू नका. दात लागले की खेळ तिथेच थांबवा, अर्धा मिनिट उठून जा, परत आल्यावर हातात खेळणं धरा. घरातल्या प्रत्येकाने हेच केलं पाहिजे. काका हात चावू देतात आणि आजी ओरडतात, असं चाललं तर महिने जातात. तोंड दाबून धरू नका, नाकावर टिचकी मारू नका. हात जवळ आला की चावायचं, हेच त्यातून पक्कं होतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते. संध्याकाळी सात-आठला ते वेड्यासारखं पळतं, कपडे ओढतं, तेव्हा बहुधा ते दमलेलं असतं. अशा वेळी आणखी खेळवण्याऐवजी शू करवून अंधाऱ्या, शांत जागी झोपवा. जागं असण्याच्या तासाभरानंतर झोप, हा क्रम ठेवला की चावणं आपोआप उतरतं.

खाणं

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा. पहिला आठवडा आधीच्या ठिकाणी जे खात होतं तेच द्या. बदल करायचा तर सात दिवसांत थोडा थोडा. तीन किलोच्या पिल्लाला पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य दिवसाला साधारण १०० ते १३० ग्रॅम लागतं, पण पाकिटावरचा तक्ता आणि डॉक्टरांचा सल्ला शेवटचा. दर आठवड्याला वजन करा. बरगड्या हाताला लागाव्यात, लांबून दिसू नयेत.

दूध-पोळी हा आपल्याकडचा जुना आहार वाढत्या पिल्लाला पुरत नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं आणि गाई-म्हशीच्या दुधाने अनेकांना जुलाब होतात. घरचं शिजवून द्यायचं तर अंडी, चिकन, भात, भोपळा यांचं प्रमाण पशुवैद्याकडून लिहून घ्या. मोठ्या जातीच्या पिल्लाला, चांगलं खाद्य चालू असताना, वरून कॅल्शियमचं औषध स्वतःच्या मनाने पाजू नका. हाडं आणि सांधे बिघडतात.

द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि शुगर-फ्री पदार्थांतलं झायलिटॉल विषारी आहे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यात आले. शिजलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अशी माणसांची औषधं कधीच देऊ नका.

लसी, आणि त्याआधीचं जग

आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली एकत्रित लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, वय १६ आठवडे होईपर्यंत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. "एक सुई दिली, झालं" असं समजून पिल्लू रस्त्यावर सोडलं की गाठ पडते पार्व्होशी, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराशी. सुस्ती, खाणं बंद, उलट्या, मग रक्ताचे दुर्गंधी जुलाब. दहीभात, ओआरएस असले घरगुती प्रयोग करत थांबू नका. पिल्लाच्या अंगातलं पाणी झपाट्याने जातं, त्याच दिवशी सलाइन लागलं तर वाचण्याची आशा चांगली असते. हा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. घरात आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं आणू नका. फरशी स्वच्छ धुऊन घ्या, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्या.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी. लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, पिल्लू कितीही गोड असलं तरी. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी, नेहमी वजनावर.

पावसाळ्यात रोज कानाच्या मागे, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त ही गोचीड तापाची लक्षणं आहेत. गुरांचं गोचीडनाशक पिल्लाला अजिबात लावू नका.

लसी पूर्ण होईपर्यंत घरातच कोंडून ठेवणं मात्र चूक आहे. तीन ते चौदा आठवडे या काळात जे जग दिसतं त्याची पुढे भीती वाटत नाही. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत किंवा कडेवर घेऊन फिरवा: हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकणारे आजोबा, रिक्षा, छत्र्या, लांबून येणारा ढोल-ताशा. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर चालू असताना खाऊ द्या. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर बारीक लावून, हळूहळू वाढवत ऐकवला तर पहिली दिवाळी सुसह्य होते.

एकटं राहण्याची सवयही आत्ताच. आधी दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन, मग दहा. सुट्टी काढून महिनाभर सतत सोबत राहायचं आणि एका सोमवारी अचानक नऊ तास गायब व्हायचं, यातून शेजाऱ्यांच्या तक्रारी जन्माला येतात.

सहाव्या महिन्यानंतर

शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागणं, पट्टा ओढणं, नको त्या गोष्टींना घाबरणं सुरू होतं. ही वयात येण्याची लक्षणं आहेत आणि दीड वर्षापर्यंत चालतात. लांब दोरी वापरा, धडे परत पहिल्यापासून, छोटे, पाच-पाच मिनिटांचे. मादी साधारण सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते. नसबंदी कधी करायची हे जात आणि वजन बघून डॉक्टरांशी ठरवा; मोठ्या जातींत थोडं थांबणं बरं.

महापालिकेचा परवाना काढा, त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो हक्क आपला, तसं लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरणं आणि खाली पडलेली शी उचलणंही आपलंच. खर्चात खाणं, लसी, गोचीड-जंताची औषधं यांच्याबरोबर आजारपणासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा. परळ, नागपूर, शिरवळ, उदगीर, परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तुलनेने कमी खर्चात उपचार होतात.

इतकं करूनही खरंच जमत नसेल, घर बदललं, कुणाला गंभीर आजार झाला, तर पिल्लू रस्त्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पाळलेलं पिल्लू तिथे फार दिवस टिकतही नाही. आधी ज्यांच्याकडून आणलं त्यांना विचारा, मग संस्थांना आणि ओळखीतल्या घरांना. नव्या माणसांना दोन-तीनदा भेटायला बोलवा. लसीचं पुस्तक, चालू खाद्याची आठवड्याभराची पिशवी, त्याची चादर आणि रोजचं वेळापत्रक सोबत द्या. चावतं, घाबरतं, रात्री रडतं, जे असेल ते लपवू नका. लपवलेलं दोनच दिवसांत कळतं आणि पिल्लाला तिसरं घर शोधावं लागतं.