शीट मेटल डिझाइनला नवीन आहात? मग माझं दार कसं अडकलं ते ऐका

शीट मेटल डिझाइनमध्ये, म्हणजे पत्रा कापून-वळवून बनणाऱ्या वस्तूंच्या डिझाइनमध्ये, यायचंय म्हणणारी दोन-तीन पोरं दरवर्षी भेटतातच, कुणी आमच्या वाड्यातलं, कुणी आत्याच्या सोसायटीतलं, आणि प्रश्न ठरलेला, ताई कुठलं सॉफ्टवेअर शिकू? अरे जे मिळेल ते शिका, सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, क्रिओ, सॉलिड एज, आणि घरी लायसन नसेल तर फ्रीकॅड फुकट आहे, त्यात शीट मेटलचं वर्कबेंच वेगळं टाकून घ्यायचं. कमांडा थोड्याफार सगळीकडे त्याच, बेस फ्लँज (मूळ पत्रा), एज फ्लँज (कडेला वळवलेली पट्टी), हेम (पूर्ण दुमडलेली कड), अनफोल्ड (वळवलेलं परत सपाट). महिनाभरात हात बसतो. खरी मजा त्याच्या पुढे सुरू होते.

मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली, मेकॅनिकल केलं आणि मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, इलेक्ट्रिक पॅनलचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका पॅनलचं दार, 2 मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टीलचा) पत्रा, दोन्ही बाजूंना फ्लँज आणि फ्लँजला आत वळवलेली रिटर्न, म्हणजे रुंदीत एकूण चार बेंड. मॉडेल छान झालं, असेंब्लीत कुठे घासत नव्हतं, दार आणि फ्रेममध्ये दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमी गॅप ठेवलेला (हाही येडेपणाच होता, पण तेव्हा मला तो रेखीव वाटला). दार वळून आलं, लावून बघितलं, बसलं. मी खूश. मग पावडर कोटिंग होऊन आलं आणि बंदच होईना.

झालं होतं असं. पत्रा वळतो तेव्हा आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि मधे कुठेतरी एक थर असतो ज्याची लांबी बदलत नाही. तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा म्हणजे के-फॅक्टर. मी टेम्प्लेटमध्ये आधीपासून असलेला 0.5 तसाच ठेवला. आतली रेडियस 2 मिमी. 90 अंशाच्या बेंडची लांबी म्हणजे 1.5708 गुणिले (रेडियस अधिक के गुणिले जाडी), 0.5 धरून ती येते 4.71. दोन्ही बाजूंची बाहेरची मापं मिळवून त्यातून जे वजा करायचं ते बेंड डिडक्शन, म्हणजे 8 वजा 4.71, झाले 3.29.

पत्रा वळवायच्या मशीनवरच्या काकांनी मला काही समजावलं वगैरे नाही. स्क्रॅपमधून 100 मिमीची एक पट्टी कापली, मधोमध वळवली आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, माझ्या हातात दिला. दोन्ही पाय बाहेरून मोजले, बेरीज 103.5. म्हणजे आमच्या मशीनवर, त्या 12 च्या व्हीमध्ये (पत्रा ज्या खाचेत दाबून वळवतात ती, 12 मिमी रुंद), डिडक्शन 3.5 होतं, माझं 3.29. उलटं गणित केलं की के येतो 0.43 च्या आसपास. एका बेंडला 0.21 चा फरक, चार बेंडला 0.85, आणि काका मापं कडेपासून धरून वळवत होते त्यामुळे सगळा जास्तीचा पत्रा दाराच्या रुंदीत जाऊन बसला. एक मिमीच्या गॅपमधला 0.15 उरला. त्यावर कोटिंग, दर पृष्ठभागाला 60 ते 80 मायक्रॉन, दाराच्या दोन कडा आणि फ्रेमच्या दोन, संपला गॅप. आमचे आजोबा कलाभवनाचं फार कौतुक सांगायचे, 1890 साली सयाजीरावांनी काढलं, तिथे हातानं काम शिकवायचे वगैरे, तेव्हा मी हो हो करायचे. व्हर्नियर हातात घेऊन उभी होते तेव्हा आजोबा आठवले.

तर नोकरी लागली की पहिल्या आठवड्यातच हे करा. तिथल्या प्रत्येक जाडीची पट्टी, प्रत्येक व्हीवर वळवून मोजा आणि स्वतःचं टेबल बनवा. मटेरियल बदललं, व्ही बदलला, की आकडा बदलतो, कारण एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा व्हीच्या तळाला न टेकवता वळवताना, आतली रेडियस पंचापेक्षा (वरून दाबणाऱ्या पात्यापेक्षा) व्हीच्या रुंदीवर जास्त ठरते. नेटवरचं टेबल दुसऱ्याच्या मशीनचं असतं.

दुसरा किस्सा छोटा आहे. मी एका ब्रॅकेटला 6 मिमीची फ्लँज दिली, स्क्रीनवर काय, 2 मिमीची पण वळते. काका ड्रॉइंग बघून म्हणाले, "बेन, आ वळशे ज नई," म्हणजे हे वळणारच नाही. पत्रा व्हीच्या दोन्ही खांद्यांवर टेकायला हवा, नाहीतर त्याची कड आत घसरते, म्हणून फ्लँज व्हीच्या साधारण पाऊणपट तरी हवी, 12 च्या व्हीला 9 मिमी. तसंच बेंडच्या अगदी जवळ होल दिलं तर ते ओढलं जाऊन अंड्यासारखं होतं. आणि अरुंद, खोल यू चॅनेल काढलं तर दुसरा बेंड मारताना आधीची भिंत पंचावर आपटते, गूजनेक, म्हणजे हंसाच्या मानेसारखा वाकडा पंच असेल तर थोडं निभतं. हे सॉफ्टवेअर स्वतःहून सांगत नाही.

गेजचा, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या नंबराचा, घोळ वेगळाच. शॉपमध्ये सोळा गेज म्हणतात तो ब्रिटिश, 1.626 मिमी, आणि सॉफ्टवेअरच्या तयार टेबलात बऱ्याचदा अमेरिकन स्टीलचा असतो, 1.519. म्हणून ड्रॉइंगवर गेज लिहूच नका, मिमी लिहा, आणि आलेला पत्रा एकदा मायक्रोमीटरने मोजा.

आणि डीएक्सएफ, म्हणजे कापायला पाठवायची ड्रॉइंग फाइल. फ्लॅट पॅटर्न (न वळवलेल्या सपाट पत्र्याचा आकार) एक्सपोर्ट करताना बेंड लाइन वेगळ्या लेयरवर टाका, किंवा काढूनच टाका. मी एकदा शनिवारी संध्याकाळी, सेवउसळ खायला जायची घाई, फाइल तशीच लेझरवाल्याला पाठवली. सोमवारी पार्सल उघडलं तर बारा ब्रॅकेटचे छत्तीस तुकडे, प्रत्येक बेंड लाइनवर सरळ कापलेले, कडा अगदी सुरेख.