डेस्कटॉप जोडताना या चुका टाळा: तपासणी भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करा

चिपळूणहून एका व्हिडिओ एडिटरचा फोन आला होता. लग्नाची कामं घेतो, नुकतंच मोठं मशीन जोडलेलं. ‘दादा, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलून घेऊ का?’ मी म्हटलं, आधी वायरमनला बोलव. त्याने सॉकेट उघडलं, तर अर्थच्या (वीज जमिनीत सोडणाऱ्या) पिनेला मागून वायरच नव्हती.

मशीन जोडताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. त्याच्या आत लाइन आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या डब्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट अर्थमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थ तुटलेला असला की कॅबिनेट अधांतरी राहतं आणि २३० च्या साधारण निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज त्याच्यावर दिसू लागतं. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण चालू मशीनला एचडीएमआयची केबल लावायला जाल तेव्हा तोच करंट केबलमधून वाट काढतो आणि मॉनिटरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो.

वायरमनकडून तीन मोजमापं करून घ्या. लाइन-न्यूट्रल २३० च्या आसपास, लाइन-अर्थ जवळपास तेवढंच, आणि मशीन चालू असताना न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मात्र शेवटचा आकडा भार असतानाही अगदी शून्य आला, तर सॉकेट उघडून बघायला सांगा. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थच्या पिनेशी जोडून दिल्याचं मी पाहिलं आहे. हे जिवावर बेतणारं आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर अख्खं कॅबिनेट २३० व्होल्टवर जातं. जुन्या घरात कोळसा-मीठ भरलेला अर्थिंगचा खड्डा असेल, तर एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, आणि हे सांगायचं बहुतेकांचं राहूनच जातं. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवणं तर कृपया नकोच.

यूपीएस घेतानाही त्यावर लिहिलेले व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे वॉट असं धरू नका. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. मोठं ग्राफिक्स कार्ड रेंडर करत असताना लाइट गेली, तर तो त्या क्षणीच मान टाकेल. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, गरम होताना तो एकदम जास्त करंट ओढतो.

जोडणीतल्या चुका

मदरबोर्डाखालच्या पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांशी जुळवूनच बसवा. एखादी जास्तीची खुंटी भलत्या जागी राहिली की शॉर्ट होतं. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक सोलायचं राहिलं, तर मशीन चालू होतं खरं, पण प्रोसेसर मिनिटभरात ९५ अंशांच्या पुढे जातो आणि स्वतःचा वेग पाडतो. प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची केबल विसरली, तर पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. ती कोपऱ्यात असते आणि बोर्ड बसवल्यावर हात जात नाही, म्हणून आधीच ओढून ठेवा.

जुन्या मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली नव्याला कधीच लावू नका. कनेक्टर तंतोतंत बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असू शकते. एका क्षणात हार्ड डिस्क जळू शकते, आणि तिच्यावर कोणाच्या तरी लग्नाचं एकुलतं एक फुटेज असू शकतं.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. बहुतेक बोर्डांचं हेच सांगणं असतं, तरी पुस्तिका उघडून बघाच. पट्ट्या शेजारीशेजारी लावल्या तर मशीन चालतं, पण बऱ्याचदा एकाच चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोनपैकी एकाच वाटेने), आणि ते रडतखडत चालतंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या आणखी दोन पट्ट्या घालाल, तर वेग बहुधा खाली आणावा लागेल. म्हणून चार छोट्यांपेक्षा दोन मोठ्या पट्ट्या घ्या. बायोसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंगमधलं) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग, चालू केली नाही, तर जास्त वेगाची म्हणून घेतलेली रॅम मूळ वेगावरच धावते.

‘पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही’

सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. पहिला प्रश्न मी एकच विचारतो: मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लागली पाहिजे, वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टला नाही. मग मॉनिटरवर इनपुट बरोबर निवडलंय का ते बघा.

डीडीआर५ चं मशीन पहिल्यांदा चालू होताना रॅमची जुळणी करून घेतं. त्याला कधी कधी कित्येक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते. घाबरून बटण दाबून बंद केलं की तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून. चहा करून या.

तरीही चित्र आलं नाही, तर बोर्डाच्या कडेला चार छोटे दिवे असतील ते बघा: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. जो पेटून राहिला असेल तिथून शोध सुरू करा. रॅमचा असेल तर वीज काढून, एकच पट्टी ठेवून बघा. खटका ऐकू येईपर्यंत ती दाबायला लोक घाबरतात आणि ती अर्धवट बसते. कोकणातल्या दमट हवेत जुन्या रॅमचे सोनेरी संपर्क काळवंडतात. स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवून, भुगा झटकून लावली की बऱ्याचदा मशीन उठतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, केबल आणि बायोसची सेटिंग एकदम बदलली आणि मशीन सुरू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही. महिन्याभराने तोच दोष परत आला की पुन्हा अंधारात चाचपडणं.

अचानक बंद पडणाऱ्या मशीनच्या नोंदींत ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसलं की दुकानात लगेच एसएमपीएस बदलायला सांगतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की विंडोज नीट बंद न होता मशीन थांबलं. कारण तापमान असेल, रॅम असेल, सैल प्लग असेल. पैसे खर्च करण्याआधी तापमान बघा आणि रॅमची चाचणी रात्रभर लावून ठेवा.

घड्याळ रोज मागे पडत असेल आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणत असेल, तर बोर्डावरचा घड्याळ चालवणारा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदला.

डीटीपीवाल्यांनी जुनं मशीन फॉरमॅट करण्याआधी फॉन्टचं अख्खं फोल्डर आणि कळफलकाची मांडणी वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. लॉकचं डोंगल (मशीनला लावायची परवान्याची चावी) लागणारं सॉफ्टवेअर असेल, तर त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतो का हे जुनं मशीन चालू असतानाच तपासून घ्या, आणि चार-पाच जुन्या फायली नव्यावर उघडून, छापून बघितल्यावरच जुनी डिस्क पुसा.