मोलिब्डेनम डायसल्फाइड चमकेना? मग या चुका टाळा

संभाजीनगर असो की नांदेड, मोलिब्डेनम डायसल्फाइड (थराथरांचं सेमीकंडक्टर) वापरणारा भेटला की रडगाणं एकच, टीएफएसआय हे जोरदार अ‍ॅसिड लावलं तरी पीएल, म्हणजे लेझर मारल्यावर निघणारा उजेड, वाढेना. अरे पण फ्लेक, म्हणजे त्याचा पापुद्रा, मोनोलेयर (एकाच थराचा) आहे का ते बघितलं का आधी? जाड फ्लेकचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) इनडायरेक्ट, म्हणजे उजेडाला नडणारा, साधारण 1.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट, एकच थर उरला की तो डायरेक्ट, म्हणजे उजेड सहज देणारा, होऊन 1.8च्या पुढं जातो, हे 2010 मध्येच दाखवून झालंय. जाड्याला कितीबी अ‍ॅसिड पाजा, काही उजेड पाडणार नाही तो. मायक्रोस्कोपखाली रंग बघून "सिंगल लेयरच आहे सर" म्हणू नका, रामन स्पेक्ट्रम (लेझरच्या विखुरलेल्या उजेडावरून थर ओळखायची चाचणी) काढा. 385 अन् 404 प्रति सेंमीच्या आसपास दोन पीक येतात, त्यांच्यातलं अंतर 18-19 असलं तर एक थर, 25 कडं गेलं की बल्क.

सगळ्यात जास्त घोळ ओलीचा. टीएफएसआय हे पांढरे खडे, हवेतलं पाणी इतकं ओढतेत की झाकण उघडं ठेवून फोनवर बोलत बसलात तर चिकट चिखल होतो. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा कोरडी म्हणून लोकं बिनधास्त बाहेरच तोलायलेत, पण लॅबमध्ये पाण्याचा कूलर चालू असतो, तो ओलच फेकतो की! आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको. ग्लोव्ह बॉक्समध्येच (कोरड्या वायूच्या बंद पेटीत) तोला, तिथंच डायक्लोरोइथेनमध्ये विरघळवा, मग डायक्लोरोबेंझीननं पातळ करून 0.2 मिलिग्रॅम प्रति मिलीवर आणा, त्यात फ्लेक बुडवून बंद बाटलीत 100 अंशाला 10 मिनिटं, बाहेर काढून नायट्रोजननं सुकवा अन् परत 100 अंशाला 5 मिनिटं. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या अली जावी यांच्या ग्रुपनं 2015 मध्ये हीच रीत छापली, 1 टक्क्याखालची क्वांटम यील्ड (शोषलेल्या उजेडापैकी परत किती निघतो ते) 95च्या वर नेली. मधे धुवायचं नाही बरं का, "स्वच्छ करतो" म्हणून पाण्यात बुडवलं की केलेलं सगळं पाण्यात.

सेलेनाइडला (सल्फरऐवजी सेलेनियम असलेल्या भावंडाला) हाच डोस देऊ नका, फायदा सल्फाइडलाच होतो. ब्युटाइल लिथियमनं थर सुटे केले असतील तर माल धातूसारख्या फेजमध्ये गेलेला असतो, तो चमकणारच नाही, आधी निष्क्रिय वायूत 300 अंशाच्या आसपास तापवून परत आणा. ते ब्युटाइल लिथियम हवेत पेट घेतं, एकट्यानं हात लावू नका.

आधी-नंतरचा पीएल त्याच फ्लेकवर, त्याच लेझर पॉवरवर घ्या, आणि पॉवर कमी ठेवा. जास्त मारली की एक्सायटॉन (उजेड देणाऱ्या इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या) एकमेकांनाच खातेत अन् यील्ड पडते, लोकं मात्र दोष अ‍ॅसिडला देतेत.

अन् थिसिसमध्ये "अ‍ॅसिडनं सल्फरच्या रिकाम्या जागा भरल्या" असं ठोकून देऊ नका, व्हायवाला सर सोडणार नाहीत. 2019 मध्ये त्याच ग्रुपनं अ‍ॅसिडशिवाय, नुसत्या गेट व्होल्टेजनं (बाहेरून इलेक्ट्रोडवर दिलेल्या दाबानं) जादाचे इलेक्ट्रॉन काढून तसाच उजेड मिळवला, रिकाम्या जागा होत्या तिथंच होत्या.