सोमवार ते शनिवार: ख्रिस्ती स्वभाव घडवायचा कसा?

प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायातली ही यादी बहुतेकांना संडेस्कूलपासून पाठ असते. पण प्रेषित पौलाने ती लिहिली ती भांडणाऱ्या मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना. त्याच अध्यायाच्या 15 व्या वचनात, एकमेकांना चावून खाऊन टाकलंत तर तुमचाच नाश होईल, असं तो बजावतो. हे गुण माणसामाणसांतल्या रोजच्या व्यवहारासाठी आहेत. एकट्याने डोळे मिटून बसल्याने सहनशीलता अंगी येत नाही, त्यासाठी समोर कुणीतरी लागतं.

म्हणून सुरुवात गुणापासून नको, माणसापासून करा. ज्याच्यासमोर तुमचा तोल हमखास जातो असा एकच माणूस निवडा: सासू, धाकटा भाऊ, ऑफिसातला वरिष्ठ, चर्चच्या पंच कमिटीत ज्याच्याशी खटके उडतात तो सभासद. वहीत त्याचं नाव लिहा आणि त्याच्यासमोर यादीतला कोणता गुण कमी पडतो तेही लिहा. महिनाभर तेवढंच काम. नऊच्या नऊ गुणांचा एकदम संकल्प सोडणारे आठवड्याभरात थकतात. एक मात्र ठामपणे सांगते: तो माणूस मारहाण करत असेल, धमकावत असेल, तर सहन करत राहणं म्हणजे शिष्यत्व नव्हे. आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा.

सकाळचं वाचन कमी करा, पण थांबून करा. मत्तयाचे 5 ते 7 हे अध्याय घ्या, डोंगरावरील प्रवचन. एकूण 111 वचनं आहेत. रोज एक छोटा भाग मोठ्याने वाचा आणि स्वतःला विचारा, आज यातलं मी काय करणार? उत्तरात कृती आणि वेळ दोन्ही हवं. ‘सौम्य राहीन’ हे उत्तर झालं नाही. ‘रात्री हिशोबाचा विषय निघाला की त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही’ हे उत्तर. मग नेमकी त्याचसाठी प्रार्थना करा. हे सगळं स्वतःच्या बळावर करायचं तर कुणाचाच निभाव लागणार नाही. फिलिप्पैकरांस 2:13 मध्ये म्हटल्याप्रमाणे इच्छाही देव देतो आणि कृती करण्याची ताकदही तोच देतो. आपलं काम त्याला वाव देण्याचं.

आता सगळ्यात कठीण भाग, क्षमा मागणं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू सांगतो (मत्तय 5:23-24). आपल्याकडे मात्र आपण वेगळ्याच वाटा काढतो. दोन दिवस अबोला, मग ‘चहा घेतोस का?’, आणि विषय संपला. किंवा ‘माझं चुकलं, पण तूही…’ त्या ‘पण’पाशी क्षमा संपते आणि भांडण नव्याने सुरू होतं. त्यापेक्षा सरळ म्हणा, ‘सकाळी पाहुण्यांसमोर मी तुला “तुला काही कळत नाही” म्हणाले. ते चुकलं. मला क्षमा कर.’ आणि गप्प बसा. लगेच उत्तराची अपेक्षा नको. अपमान चारचौघांत केला असेल, तर क्षमाही चारचौघांतच मागा. बापाने मुलाची किंवा सासूने सुनेची क्षमा मागणं आपल्या घरांत फार जड जातं. पण घरातल्या पोरांना येशूचं अनुसरण म्हणजे काय हे अशाच वेळी दिसतं. दहा प्रवचनांनी जे होत नाही, ते इथे होतं असं माझं ठाम मत आहे.

पैशांकडेही बघा. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तोंडी पश्चात्तापावर भागवलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, असा आकडा त्याने सांगितला (लूक 19:8). ऑफिसात लावलेलं वाढीव पेट्रोलचं बिल, मोलकरणीचा विनाकारण कापलेला खाडा, भावाकडून घेतलेले आणि दोघांनीही विषय न काढलेले उसने पैसे. यातलं एक या आठवड्यात चुकतं करा.

सोबतीला एक माणूस हवा. बाईने बाई, पुरुषाने पुरुष शोधावा. आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटा, वही उघडा, काय जमलं आणि काय नाही ते खरं सांगा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा (याकोब 5:16). ऐकलेलं तिथेच राहिलं पाहिजे. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली मंडळीत दुसऱ्याची गुपितं फिरतात, त्याने माणसं कायमची मिटून जातात.

घरच्यांना आपल्या वेगाने ओढू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधला काही काळ दोघं वेगळे राहिले. पुन्हा एकत्र संसार सुरू झाला, तरी लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं एका दिवसात सुटलं नाही, ते हळूहळू गळत गेलं. जुनी वळणं मोडायला वेळ लागतो, तुमचीही आणि त्यांचीही.

रोज झोपण्याआधी पाच मिनिटं दिवस आठवा. कुठे बोललो, कुठे थांबलो, कुणाला उत्तर द्यायचं राहिलं. राग धरलेला असताना सूर्य मावळू नये, असं इफिसकरांस पत्रात लिहिलं आहे. तेव्हा शक्य असेल तर त्याच रात्री दार ठोठवा किंवा फोन करा.

महिना संपला की वहीतल्या त्या माणसालाच विचारा, ‘माझ्या बोलण्यात काही फरक वाटतो का?’ मंडळीतल्या मित्रांना नव्हे, त्यालाच. ‘नाही’ असं उत्तर आलं, तर वाद घालू नका. पुढच्या महिन्याच्या पानावर तेच नाव पुन्हा लिहा.