थंडीत ट्रकचा पांढरा धूर कसा ओळखायचा, गॅरेजात नवीन लागलेल्यांसाठी

आयटीआयला डिझेल मेकॅनिक करून नुकतेच गॅरेजात लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. मी निफाडच्या बाजूला ट्रकची कामं करतो, इकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पार पाच-सहा अंशांवर येतो आणि मग सकाळी सकाळी कोणीतरी ड्रायव्हर येऊन सांगतो की उस्ताद, गाडी पांढरा धूर मारतेय, नोझल काढा. नोझल म्हणजे सिलेंडरात डिझेल फवारणारा भाग. लगेच पाना उचलू नका. गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घ्या आणि सकाळी इंजिन एकदम गार असताना स्वतः सायलेन्सरच्या बाजूला उभं राहून सेल्फ मारायला लावा. ड्रायव्हर गाडी चालवत घेऊन येतो तोवर इंजिन तापलेलं असतं, मग काय दिसणार?

डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा सिलेंडरात साधारण सतरा पट दाबली जाते, तिच्या गरमीवर डिझेल पेटतं. थंडीत ब्लॉक गार, आत येणारी हवा गार, बॅटरी ढिली म्हणून सेल्फही हळू फिरतो, त्यामुळे ती गरमी पुरत नाही आणि थोडं डिझेल न जळताच बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं, तोच पांढरा धूर. तो इंजिन गरम होता होता गेला तर गाडीला हात लावायचं कारण नाही. काटा ८० अंशांवर जाऊनही धूर चालूच असेल तर मात्र काम आहे.

आता वास. जरा लांबूनच, हाताने हवा नाकाकडे घ्या. डोळे चुरचुरले आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर न जळलेलं डिझेल. गोडसर वास आणि धूर बराच वेळ रेंगाळतोय तर कूलंट जळतंय. पण आपल्याकडे कितीतरी गाड्यांत कूलंटच्या जागी साधं पाणी भरलेलं असतं, तिथे गोड वास येणारच नाही, म्हणून रात्री रेडिएटरची पातळी बघून ठेवायची आणि सकाळी परत बघायची. गार इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा होज कडक झाला किंवा पाण्यात सारखे बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलंय किंवा हेडला क्रॅक. अशा गाडीला सेल्फ मारत बसू नका, सिलेंडरात पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही.

डिझेलचा वास असेल तर पुढचा प्रश्न, एक सिलेंडर की सगळे? जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन आयडलला ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट थोडा ढिला करायचा, ज्याच्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही तो सिलेंडर काम करत नाहीये. तिथलं नोझल टेस्टरवर लावून बघा, फवारा मारतंय की टपकतंय. नोझल चांगलं निघालं तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरातला दाब) बघा. सगळेच सिलेंडर धूर मारत असतील तर पंपाचं टायमिंग मागे गेलंय का, म्हणजे डिझेल उशिरा फवारतंय का, लाईन एअर घेतेय का हे आधी.

कॉमन रेल गाडीवर (जिथे सगळ्या नोझलना एकाच हाय प्रेशर रेलमधून डिझेल जातं) हा नटाचा प्रकार अजिबात करू नका!! रेलमध्ये प्रेशर हजार-दीड हजार बारच्या वर जाऊ शकतं, ती बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि जखम सुईएवढी दिसली तरी हात कापायची वेळ येऊ शकते. तिथे स्कॅनर लावून एकेक सिलेंडर बंद करून बघायचं. स्कॅनर नसेल तर गार इंजिन चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर टेंपरेचर गन धरा, जो फाटा बाकीच्यांच्या मागे गार राहतो तो सिलेंडर धरायचा.

बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी असेल आणि धूर फिल्टरचं रीजनरेशन, म्हणजे त्यात साचलेली काजळी जाळणं, चालू असतानाच येत असेल तर आधी एरर कोड वाचा, इंजिन नंतर.