मांडीवर मावेल एवढीच बॅग

एसटीत कंडक्टर म्हणून माझी बरीच वर्षं कोल्हापूर भागातल्या मुक्कामी गाड्यांवर गेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुक्कामी गाडी संध्याकाळी डेपोतून निघते, राधानगरी-भुदरगडातल्या एखाद्या टोकाच्या गावात रात्रभर थांबते आणि पहाटे शाळकरी पोरं नि बाजारकरी भरून परत येते. झोपायला गाडीतलंच मागचं बाकडं, नाहीतर देवळाची ओवरी. एका हातात तिकिटांची पत्र्याची पेटी असायची, म्हणून आपलं सगळं बिऱ्हाड दुसऱ्या हातात मावायला लागायचं. निवृत्त झाल्यापासून पाहुण्यांत कुणी सुट्टीला निघालं की बॅग दाखवायला माझ्याकडे येतं. डिसेंबरात आमच्याकडची माणसं फोंडा घाट उतरून हमखास मालवणला जातात, म्हणून चार-पाच दिवसांच्या त्याच सहलीचा हिशोब मांडतो.

आधी माप. बॅग भरून झाली की खुर्चीत बसा, बॅग मांडीवर घ्या आणि समोर बघा. समोरचं दिसत नसेल तर बॅग मोठी झाली. गर्दीच्या गाडीत वरचा रॅक आपल्या वाट्याला येईलच असं नाही. मग बॅग मधल्या वाटेत जाते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला लाथ घालून पुढे सरकतो. रेल्वे स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेऊ देते हे खरं, पण ते जिन्यावरून उचलणार तुम्हीच. मालवणला रेल्वे स्टेशन नाही. रेल्वेनं येणाऱ्यानं कणकवलीला नाहीतर कुडाळला उतरायचं आणि पुढे एसटी किंवा रिक्षा. गाडी तिथं काही मिनिटंच थांबते, तेवढ्यात पोरं आणि पिशव्या मोजून खाली आल्या पाहिजेत. मोठ्या माणसाला ५ ते ६ किलो पुष्कळ झाले. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या हातातल्या बॅगेला ७ किलो देतात, म्हणजे हीच बॅग उद्या विमानातही चालेल. घरी वजन करायचं तर बॅग घेऊन काट्यावर उभं राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा.

चाकाची बॅग नको. रिकामी असतानाच ती अडीच-तीन किलोची असते, आणि चाकं चालतात ती फलाटावर. कोकणात घर रस्त्याला लागून असेलच असं नाही. जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून, माडांच्या बागेतून वाळूत पाय रुतवत जायचं असतं, आणि तिथं ती चाकाची बॅग शेवटी डोक्यावरच घ्यावी लागते. साधी पाठीवरची सॅक घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढताना आधाराला एक हात लागतोच, आणि पोर लहान असेल तर दुसराही.

आता कपडे. बॅगेचं खरं दुखणं हेच आहे.

अंगावर एक जोड आणि बॅगेत दोन. दिवस चार असोत की आठ, हिशोब बदलत नाही, कारण आपण रोज रात्री एक जोड धुणार आहोत. "कोकणात कपडे वाळत नाहीत हो," असं लगेच ऐकू येतं. राधानगरीच्या पावसात मी युनिफॉर्मचा शर्ट वाळवलेला आहे, त्यामानाने डिसेंबरातलं मालवण काहीच नाही. पद्धत सांगतो. शर्ट धुऊन पिळा. कोरडा पंचा जमिनीवर पसरा, त्यावर शर्ट सपाट ठेवा, दोन्हीची मिळून घट्ट गुंडाळी करा आणि ती गुंडाळी दोन्ही टोकांनी पिळा. शर्टातलं उरलेलं पाणी पंचा ओढून घेतो. मग शर्ट पंख्याखाली हँगरवर टांगा, दांडीवर दुमडून नको, दुमडलेल्या जागी ओल राहते आणि सकाळी कुबट वास येतो. टेरिकॉटचा शर्ट पहाटेपर्यंत घालण्याजोगा होतो. जाड सुती शर्टाला दुपार उजाडते. बाहेर दोरीवर टाकायचे असतील तर ऊन उतरायच्या आत काढा, संध्याकाळच्या खाऱ्या दमट हवेत वाळलेले कपडे पुन्हा सर्द होतात.

म्हणूनच टर्किश टॉवेल घरी ठेवा. पंचा अंग पुसतो, कपडे पिळायला लागतो, उन्हात डोक्यावर येतो, रात्री थंडी वाजली तर गळ्याला गुंडाळता येतो आणि तासाभरात वाळतो. माणशी एक. जीन्सही नको. समुद्रात एकदा भिजली की परतीच्या दिवशी ओलीच बॅगेत जाते आणि दगडासारखी जड होते.

साडीच्या बाबतीत आमच्या मंडळींचं मत वेगळं आहे आणि ते मी खोडत नाही. कुणकेश्वराच्या देवळात जायचं तर एक बरी साडी हवी, असं ती म्हणते. माझी अट एवढीच की ती हलकी, न चुरगळणारी असावी आणि तिच्यावरचा ब्लाउज दुसऱ्या साडीवरही चालावा. काठपदराची साडी, तिचा परकर, तिला जपायला प्लास्टिकची पिशवी, पुन्हा इस्त्रीची काळजी, हे सगळं लग्नाला शोभतं.

चपला दोनच. जड जोड पायात, रबरी चप्पल बॅगेत. धुवायच्या कपड्यांना उशीचा जुना अभ्रा घ्या. सुती असतो, आत वास कोंडत नाही, आणि भरला की रात्री गाडीत उशीच होते.

साबणाची नवी वडी नेऊ नका, घरातली अर्धी झिजलेली न्या. ती चार दिवसांत संपते आणि ओला साबण परत आणायचा प्रश्नच मिटतो. खोबरेल तेल कोकणातच घ्यावं, कोल्हापुरातून बाटली वाहून कशाला न्यायची? औषधांत मात्र कंजूषी नको. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तच ठेवा आणि पाकीट कापताना गोळीचं नाव आणि मुदतीची तारीख ज्या बाजूला छापलेली असते तो भाग ठेवा. नुसत्या कापलेल्या गोळ्या बघून परगावचा दुकानदार काय ओळखणार? डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. चार्जर घरात मिळून एक पुरे, पण वायर दोन घ्या.

खाण्याचं सामान ही आपल्या लोकांची मोठी हौस. तहानलाडू-भूकलाडू बांधून दिल्याशिवाय आईचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. फक्त ते जाताना संपलं पाहिजे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पंच्यात नाहीतर केळीच्या पानात बांधा. स्टीलचा डबा नेलात तर पहिल्या दुपारी तो रिकामा होतो आणि पुढचे चार दिवस रिकामी जागा तुमच्याबरोबर फिरते. चकल्यांचा डबा मालवणला नेऊन तिथलं गोड खाजं न खाता चकल्या खाणारी माणसं मी पाहिलेली आहेत. त्यांना काय बोलणार!

पोरांच्या पाठीवर त्यांची शाळेची सॅक द्या. जे न्यायचं ते ज्याचं त्यानं उचलायचं, एवढं एकदा सांगितलं की तिसरं खेळणं आपोआप बाहेर येतं.

बॅग भरताना जड वस्तू पाठीच्या बाजूला लावा, म्हणजे खांदे मागे ओढले जात नाहीत. जे आधी लागणार ते शेवटी भरा. आणि वरचा तिसरा हिस्सा रिकामा सोडा. ती जागा येतानाची.

कारण परतताना कुणी हात हलवत येत नाही. मालवणी मसाला, काजू, आमसुलं आणि ज्यांच्या घरी चालते त्यांची सुकट. आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली शक्यतो टाळा. झाकण कितीही आवळा, घाटाच्या वळणांत ते पाझरतं आणि पांढऱ्या कपड्यावरचा तो लाल डाग जात नाही. त्यापेक्षा आमसुलं घ्या, घरी भिजवून सोलकढी करता येते. मसाला दुहेरी पिशवीत, कपड्यांपासून दूर. सुकट कागदात, मग प्लास्टिकमध्ये, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. हा एक डबा मात्र घरून न्या, जाताना त्यात औषधं ठेवा. सुकट नुसत्या पिशवीत बांधून कुणी गाडीत चढलं की दाजीपूर यायच्या आत खिडक्यांवरून भांडणं सुरू व्हायची आणि ती मिटवायला कंडक्टर लागायचा.

हापूसची पेटी ह्या हिशोबात धरत नाही. ती मे महिन्यात येते, मांडीवर मावत नाही, आणि तिला डिकी उघडून द्यायला मी कधी कुरकुर केलेली नाही.